तारमास्तरांचे चार जोड

तारमास्तरांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या फुंकरीमुळे. आमच्या घरासमोरच्या गॅरेजात ते गाडीच्या वायरीचा जोड कथील वितळवून सोल्डर करून त्यावर फुंकर घालत होते, लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी. मग त्यांनी जोड खसकन ओढून पाहिला आणि कुणाला तरी ऐकवलं, "गाडी भंगारात जाईल, पण हा सुटायचा नाही."

ऐकणारा होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं. वायरिंग तारमास्तरांकडे, त्यावरूनच हे नाव पडलेलं; इंजिन मेहुण्याकडे.

"भाऊजी, एका वायरीचे किती लाड कराल?"

"तुझ्यासारखं हातोडीनं प्रेम करायला मला जमत नाही, बाबा."

असं दिवसभर चाले.

मागच्या गल्लीतल्या नर्सबाईंची गाडी एकदा पेट्रोल फार पिऊ लागली. मेहुण्यानं दोष शोधला. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे इंजिनाला कळवणारा सेन्सर गेला होता. हुबेहूब तसा मिळेना, म्हणून त्यानं कुठल्याही गाडीला चालणारा आणला. त्याला प्लग नसतो. चार मोकळ्या वायरी असतात, त्या जुन्या प्लगच्या वायरींना जोडायच्या. त्यासाठी दाबून बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्या सोबत आल्या होत्या. तारमास्तरांनी त्या बाजूला सारल्या. "चिमटे काढून कुठे जोड होतो का?" म्हणत त्यांनी चारही वायरी सोल्डर केल्या, फुंकर घालून.

थोड्याच दिवसांत गाडी काळा धूर ओकू लागली आणि ड्यूटीला निघालेल्या बाई भर चौकात अडकल्या. गॅरेजात येऊन गिऱ्हाइकांदेखत त्यांनी मेहुण्याला फैलावर घेतलं. "स्वस्तातला माल माझ्या गळ्यात मारलास!"

"बाई, माल चांगला होता हो," एवढंच तो म्हणत राहिला.

तारमास्तर दुसरा सेन्सर आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, "पहिल्याला सोल्डर नव्हतं ना मारलं? अहो, त्याला बाहेरची स्वच्छ हवा आत यावी लागते. ती वायरीतल्या बारीक तारांमधूनच जाते. सोल्डर वितळून त्यात शिरलं की गुदमरतो बिचारा, आणि इंजिनाला भलतंच कळवतो."

परतल्यावर तारमास्तरांनी नवा सेन्सर निमूटपणे नळ्या दाबून जोडला. गाडी झकास चालली. म्हणजे पहिला मालच वाईट होता, असं सगळे धरून चालले, आणि तारमास्तरांनी चालू दिलं. गिऱ्हाइकं मेहुण्याच्या हाती काम द्यायला कचरू लागली. भाऊजी आपल्या बाजूनं चकार शब्द काढत नाहीत हे पाहून तो बस डेपोत नोकरीला लागला. बहिणीकडे येणंही त्यानं सोडलं.

एका दुपारी तारमास्तर माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि हे सगळं सांगून मोकळे झाले.

"घरी काय होतं माहितीये, सर? ताट वाढताना बायको माझी माफी मागते. 'माझ्या भावामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं,' म्हणते."

"मग सांगून टाका तिला."

"ओठावर येतं आणि परत पोटात जातं. आधी त्यालाच सांगतो. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

डेपोत मेहुणा बसखालून बाहेर आला. तारमास्तरांनी जमिनीकडे पाहत कसंबसं सांगितलं, "दोष तुझ्या मालाचा नव्हता. माझ्या जोडाचा होता. मला तेव्हाच कळलं होतं."

मेहुण्यानं हात पुसले.

"मला काय सांगताय, भाऊजी? माल चांगला होता हे मी ओरडून सांगत होतो. ताईला सांगा. आणि नर्सबाईंना. तिथेच, गॅरेजात, सगळ्यांदेखत."

तारमास्तरांनी तसंच केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण एकही गोष्ट गाळली नाही. नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग इतके दिवस तोंडातही सोल्डर भरलं होतं का?" कुणी हसलं नाही. बायकोनं पायात चपला सरकवल्या आणि तडक भावाकडे गेली. चार दिवस तिथेच राहिली.

मेहुणा गॅरेजात परतला नाही. तारमास्तर आता एकटेच वायरिंग करतात. इंजिनाचं काम आलं की गिऱ्हाइकाला मेहुण्याच्या घरचा पत्ता देतात, आणि सुटीच्या दिवशी तो ते करून देतो.