अर्थिंगतात्यांचा चर

गल्लीत त्यांना सगळे अर्थिंगतात्या म्हणत. कुणाकडे चहाला गेले तरी कप हातात घ्यायच्या आधी विचारणार, "अर्थिंग नीट केलंय ना?" तीस वर्षं वायरमन म्हणून राबले, आणि फुशारकी एकच मारली, "मी पुरलेली केबल पुन्हा कुणाला उकरावी लागली नाही." बायकोला हे वाक्य पाठ होतं. ते सुरू झालं की ती नुसते ओठ हलवून साथ करी.

तिला शिलाई मशीन अंगणापलीकडच्या गॅरेजात मांडायचं होतं, पण तिथं दिवा नव्हता. तात्यांनी चर खणायला घेतला. तिचे गुलाब चुकवता चुकवता तो असा वाकडातिकडा गेला की ती म्हणाली, "अहो, केबल टाकताय की साप पाळताय?" तीन आठवडे चर उघडा आणि तिचं तोंडही. शेवटी तात्या पेटले. एका दुपारीत वाळू, केबल, पुन्हा वाळू, विटा, माती, सगळं बुजवून, चोपून वर गवतसुद्धा लावून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. एकेकाळी तात्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांची सही झाल्याशिवाय केबल जोडता येणार नव्हती.

"तात्या, चर कुठाय?"

"हा काय, तुझ्या पायाखाली. अडीच फूट खोल. माझा शब्द."

"शब्दाला टेप लावता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. माझा बुजवलेला चर भर उन्हात उकरायला लावला होतात."

"तेव्हा तू कच्ची होतीस."

"आणि आता तुम्ही जास्तच पिकलात. एकच खड्डा करा, मधोमध."

बायकोनं धावत जाऊन फावडं आणलं. इतक्या लगबगीनं तिनं त्यांना कधी चहाही दिला नव्हता.

टेप लावली. अडीच फूट, वर बोटभर जास्तच. तात्यांची मान ताठ झाली. मग खड्ड्याच्या कडेकडे नजर गेली आणि मान हळूहळू खाली आली. केबलच्या वर हातभर अंतरावर लाल धोक्याची पट्टी हवी. पुढं कुणी कुदळ मारलीच तर तिनं आधी सावध करायचं. ती नव्हतीच! अख्खं भेंडोळं गॅरेजच्या खिळ्याला लटकत होतं.

बाई गुलाब बघत होत्या. इतकं निरखून गुलाब कुणी बघत नाही. पेनाचं टोपण अजून बंदच होतं.

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. दर महिन्याला हिचं एक नवं रोप, आणि दर रोपाला कुदळ.

"तू उद्या ये," ते घसा खाकरत म्हणाले. "मला हे सगळं उकरायचंय."

"मी कुठं सांगितलं?"

"मी सांगतोय."

"बरं. पण उद्या मी येईपर्यंत बुजवू नका हं," बाई हसू दाबत म्हणाल्या आणि निघाल्या.

बायको चराच्या काठाशी येऊन उभी राहिली. "म्हणजे ते वाक्य आता बंद?"

"बंद कशाला?" तात्या फावडं मारत धापा टाकत म्हणाले. "मी पुरलेली केबल पुन्हा दुसऱ्या कुणाला उकरावी लागली नाही."

तिनं ओठ हलवून पाहिले. नवा शब्द बसायला जरा वेळ लागला.