उजव्या बुटाचा तळ

बारा वर्षं वैमानिकांच्या पँटी आखूड-लांब करून झाल्यावर, एकेचाळिसाव्या वर्षी टेलरबाई स्वतःच विमान शिकायला गेल्या. नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक शिकायला घेतला. भला माणूस. विमान शिकवायला मात्र वाट्याला आले ते सोड-सोड सर. वयाने दहा वर्षांनी लहान, पण तोंडात 'तू'शिवाय शब्द नाही. जमीन जवळ आली की सरांचं "सोड, सोड, मला दे!" सुरू.

चाकं टेकली की विमानाचं नाक उजवीकडे पळायचं. नाक वळवायची पेडलं दोघांच्याही पायांशी असतात; बाई आपलं डावं पेडल दाबून ते सरळ आणायच्या, आणि सर लॉगबुकात लिहायचे, 'पायांवर ताबा नाही.' असं तीनदा झालं. चौथ्यांदा लिहिलं की नाव कमी होणार होतं.

तिसऱ्या वेळी बाईंना सरांच्या उजव्या गुडघ्यावरची इस्त्रीची घडी हललेली दिसली. घडी अशी हलते ती पाय दाबल्यावरच. हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं.

"सर, तुम्ही पेडल दाबता का?"

"टेलरबाई, तू आपली शिलाई बघ," सर हसले.

त्या हसण्याने बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याने केलेला भातही त्या दिवशी घशाखाली उतरला नाही.

चौथ्या खेपेच्या दिवशी उड्डाणाआधीची तपासणी नेहमीप्रमाणे विद्यार्थिनीने एकटीने करायची होती. बाईंनी ती चोख केली, आणि शेवटी पर्समधून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढून सरांच्या बाजूच्या उजव्या पेडलवर चांगला घासला. मग उड्डाणशाळेच्या मुख्य शिक्षिकेच्या देखत गोड आवाजात विचारलं, "सर, आज पाय खालीच ठेवाल ना?"

"माझे पाय नेहमी जमिनीवरच असतात," सर म्हणाले.

विमान उतरलं, नाक उजवीकडे पळालं, सर ओरडले. ऑफिसात येऊन मुख्य शिक्षिकेसमोर त्यांनी लॉगबुक उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"लिहिण्याआधी जरा उजवा बूट उलटा करून दाखवा," बाई म्हणाल्या.

तळ निळाशार होता. बाईंनी खडूचा तुकडा टेबलावर ठेवला. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण थोडीच.

"घाबरून पाय जातो, मॅडम," सर पुटपुटले.

मुख्य शिक्षिकेने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, एकटीने उडायच्या परवानगीवर स्वतः सही केली आणि म्हणाली, "बाई, आत्ताच एकट्या जा. सर, तुम्ही बाहेर उभं राहून बघा."

शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बाई उडाल्या. उतरल्या, चाकं टेकली, आणि विमान थेट डावीकडे सुटलं! उजवं पेडल आता कोणी दाबत नव्हतं, तरी बाईंचा डावा पाय सवयीने दाबून बसला होता. एक चाक गवताला लागता लागता त्यांनी सावरलं. मेल्याने खोटं लिहून लिहून शेवटी ते खरं करून ठेवलं होतं.

बाईंना रडू आलं, मग रडण्यापेक्षा संताप जास्त आला. रेडिओवर परवानगी मागून त्या पुन्हा उडाल्या. मग पुन्हा. सहाव्या खेपेला डावा पाय हलका राहिला आणि विमान पांढऱ्या रेघेवरून सरळ धावलं.

सर उन्हात घामाघूम होऊन उभेच होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि सातव्या खेपेची परवानगी मागितली.