शव्वालचे सहा आणि माझे सात

लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानात मी तेवीस रोजे ठेवले आणि तीस ठेवल्याची शाबासकी घेतली.

उरलेल्या सात दिवसांत माझं काही चुकलं नव्हतं. बायकांना महिन्यातल्या त्या दिवसांत रोजा माफ असतो. रमजान संपला की तेवढे रोजे नंतर भरून काढायचे, त्याला कझा म्हणतात. हे घरोघरी सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आमच्या घरात तर सासरे, नवरा आणि दोन दीर. त्यांच्यासमोर मी सातही दिवस पहाटे सहेरीच्या जेवणाला उठले, संध्याकाळी सगळ्यांबरोबर खजूर उचलला आणि दुपारी कणगीमागे उभी राहून गार भाकरी खाल्ली. "नगर शहरातली पोरगी, पन एक रोजा सोडला न्हाई," असं सासरे शिवणाच्या मशिनीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. बेलापुरात त्यांचं शिंपीकाम होतं आणि ईद जवळ आलेली, त्यामुळे येणारे-जाणारे भरपूर होते.

हे एकाहत्तर सालचं. (आमच्या घरात अर्धी दखनी, अर्धी मराठी चालायची. इथे मी सगळ्यांना मराठीच बोलायला लावलंय.)

ईदच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, "शव्वालचे सहा रोजे मी दरसाल ठेवते. औंदा बहूपन ठेवंल."

शव्वाल म्हणजे रमजाननंतरचा महिना. त्यातले सहा रोजे नफल, म्हणजे आपखुशीचे. ठेवले तर सवाब, म्हणजे पुण्य; नाही ठेवले तर कुणी जाब विचारत नाही. सासूबाईंची या सहा रोज्यांबद्दल गल्लीत ख्याती होती. बायका आपल्या सुनांना त्यांचं उदाहरण द्यायच्या, आणि त्या सुना आमच्या दारावरून जाताना मान फिरवायच्या.

माझी पंचाईत झाली. माहेरी अब्बांनी शिकवलं होतं की आधी राहिलेलं, मग हौसेचं. माझे सात राहिलेले आणि हौसेचे सहा समोर उभे. पण हे सांगायचं तर शाबासकी परत करावी लागणार. शेवटी मला युक्ती सुचली. रोजा सगळ्यांसारखाच ठेवायचा, नियत मात्र मनातल्या मनात कझाची करायची. नियत काही कुणाला ऐकू येत नाही. मी स्वतःवर फार खूश झाले. पाच दिवस छान गेले.

सहाव्या दिवशी मिरजगावहून मामू आले.

मामू म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. आमच्या लग्नाच्या वेळी त्यांचा पाय मोडला होता, त्यामुळे नवी सून पाहायची राहिली होती. ती पाहायला ते नगरला एसटी बदलून आले, काखेत जिवंत कोंबडा घेऊन. माणूस मायाळू, पण रुसण्यात पटाईत. कुठल्याशा लग्नात त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं, तर त्या घराची पायरी ते नऊ वर्षं चढले नव्हते.

"आज दोघींनी माझ्याबरोबर जेवायचं," त्यांनी कोंबडा माझ्या हातात देत सांगितलं.

"भाईजान, आमचा रोजा हाय," सासूबाई म्हणाल्या.

"कसला?"

"शव्वालचा."

"मग सोडा की. नफलचा रोजा पाहुन्यासाठी सोडता येतो. मागनं एक ठेवून टाकायचा."

ते खरंच होतं. नफलचा सोडता येतो. कझाचा असा कोंबड्यापायी सोडता येत नाही, हेही खरं होतं, पण ते मामेसासऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? मी आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं."

मी चुलीपाशी गेले. मसाला भाजला, रस्सा उकळला, अंदाजानं मीठ घातलं. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं म्हणतात, पण एवढ्या खटाटोपानं ठेवलेल्या रोज्याला मी ती जोखीम लावणार नव्हते.

पुरुष मंडळी बाहेर सोप्यात बसली. आम्ही दोघी आत, मध्ये पडदा. मामू बाहेरून म्हणाले, "तुमी सुरू करा, मग मी घास घेईन."

मी भाकरी मोडली. पेला मुद्दाम ताटावर आपटला. पदराआड एक वाटी धरली होती, तिच्यात एकेक तुकडा जाऊ लागला. समोर सासूबाई अर्धी पाठ फिरवून बसल्या होत्या, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

"बहू, कसं झालंय?" बाहेरून विचारणा झाली.

"छान झालंय, मामू."

"आन मीठ?"

"अगदी बेताचं."

बाहेर मामू खोकले. मग सासरे खोकले. मग कुणीतरी अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केल्याचा आवाज आला आणि माझ्या नवऱ्यानं बारीक आवाजात आणखी पाणी मागितलं.

"मुन्नी, तू सांग," मामू म्हणाले. (सगळ्या गल्लीला धाक असलेल्या माझ्या सासूबाई भावाला मुन्नी होत्या.) "मीठ कसं हाय?"

"बेताचं हाय, भाईजान," सासूबाईंनी ठामपणे सांगितलं.

मी मान वर केली. त्यांचाही हात पदराखाली होता. तिथून पातेल्याचा काठ दिसत होता आणि पातेल्यात कोंबड्याची तंगडी.

"तुम्हीसुद्धा?" मी कुजबुजले.

"तू मीठ घातलं हुतंस?"

"हो."

"तू पान्याला गेल्तीस तवा मीबी घातलं."

बाहेरून मामूंचा आवाज आला, अगदी शांत. "ज्या बाईला हे बेताचं लागतं, तिनं घास तोंडात घातलेला न्हाई. मी तीनच्या गाडीनं जातो." काठी उचलल्याचा आवाज झाला. माझ्यामुळे बहीण-भावाचं येणं-जाणं तुटणार होतं.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला सारला.

"भाईजान, बसा. माझा रोजा कझाचा हाय. हिचापन."

दोन्ही दिरांना एकदम बाहेरचं काम आठवलं. सासरे भिंत न्याहाळू लागले.

"सात बाळंतपनं झाली," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "कितीक रोजे त्यात राहिले. तवापासनं दरसाल सहा-सहा भरून काढते. लोक नफल म्हनतात, म्या म्हनू दिलं."

मामूंनी काठी भिंतीला टेकवली. "मला कधी बोलली न्हाईस."

"भावाला काय सांगायचं असतं हे?"

मामूंनी ताट पुढे सरकवलं आणि हात धुतले. "मग मीबी मगरिबलाच, रोजा सुटल्यावर जेवीन. तुमच्यासंगं." (ही माया होती की मीठ, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.)

आत आल्यावर मी सासूबाईंची माफी मागायला लागले, तर त्या रश्श्यात पाणी ओतत म्हणाल्या, "कणगीमागं भाकरी कोण खात हुतं, मला काय ठाव न्हाई? तुझी सोय व्हावी म्हनून तर माझ्यासंगं तुझेबी शव्वालचे म्हनून पुकारलं. चल, बटाटे सोल."

मी बटाटे सोलले. डोळ्यांत पाणी होतं, आणि समोर कांदा नव्हता. संध्याकाळी मामूंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुक्काम दोन दिवस वाढवला.

सातवा रोजा मी पुढच्या गुरुवारी ठेवला, या वेळी उघडपणे. डाळ शिजवली आणि मीठ घालता-घालता चाखायला शेजारच्या कौसाबाईंना हाक मारली. त्या लगबगीनं आल्या, पळी हातात घेतली, तोंडापर्यंत नेली आणि थांबल्या.

"अगं बाई, आज गुरुवार. माझा उपास हाय."

आता मला धडा मिळालेला होता. मी सासूबाईंना बजावलं की मीठ मीच घालणार, त्यांनी डब्याला हात लावायचा नाही. मग घालू-घालू म्हणत मी इतकी जपून राहिले की घालायचंच विसरले. मगरिबनंतर सासऱ्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं,

"बहू, अजून किती राहिलेत तुझे?"