विलायतेत माझं नाव लागणार नव्हतं

डॉक्टर जेवत होते. मी दाराबाहेर मनगट धरून उभी. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला मोरीकडं नेताना माझा पाय घसरला होता. म्हातारीला पडू दिलं नाही. पडले मी, हातावर.

"बोटं हलवून दाखव," डॉक्टर पानावरूनच म्हणाले.

हलवली. कळ मस्तकात गेली.

"मोडलं नाही. हळद लाव, जा."

कोल्हापुरातले नावाजलेले डॉक्टर. पेशंटची रांग रस्त्यावर यायची. त्यांच्या आईचं हगणं-मुतणं मी काढायची, ते चालायचं. माझा हात हातात घेणं चालायचं नाही. आम्ही बौद्धवाड्यातले.

सरकारी दवाखान्यात कळलं, हाड मोडलंय. प्लॅस्टर बघून वैनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, म्हणाली, "नाटकं बघा हिची!" मी एका हातानं म्हातारीला उचलत राहिले. पोट होतं ना.

पुढं डॉक्टरांना इंग्लंडात नोकरी लागली. म्हातारीला न्यायचं ठरलं, म्हणून मलाही. माझा पासपोर्ट निघाला. माझा बाप, आबा, वस्तीत छाती काढून फिरायला लागला. पोरगी विलायतेला चालली!

निघायच्या आधी वैनीचा भाऊ आला. तिकडं राहून आलेला. बाहेरच्या सोप्यात बसून सांगत होता, "दवाखाना फुकट. तिथं राहणाऱ्या सगळ्यांना. जवळच्या डॉक्टरकडं नाव नोंदवायचं, झालं."

मी म्हातारीच्या चादरी घेऊन चालले होते. थांबले. विचारलं, "माझंबी नाव नोंदवायचं न्हवं?"

वैनी खो खो हसली. भाऊ म्हणाला, "हो की, हिचंही लागेल."

तशी वैनी त्याच्यावर उखडली. "तिला कशाला शिकवतोस? उद्या डोकं दुखलं तरी झोपून राहील."

डॉक्टर माझ्याकडं न बघता बोलले, "तुझं नाव-बिव काही नाही. मी आहे ना घरात."

"आणि जास्तच झालं तर परत धाडू," वैनी म्हणाली. "दुसरी मिळेल."

दुसरी. बादली फुटली की दुसरी आणतात, तशी.

परक्या मुलखाचा कायदा मला माणसात धरत होता. आणि ही माझ्याच गावची शिकलेली माणसं मला तिथं नेऊन त्या कायद्यापासून लपवणार होती. अंगाची लाही लाही झाली.

"डॉक्टरसायेब," मी म्हणाले, "मोडका हात तुमी लांबनं बघितलासा. तिकडं मी मराय टेकले तरबी लांबनंच बघशीला. मी येत न्हाय."

"उपकाराची जाण नाही ह्या लोकांना!" वैनी किंचाळली.

मी आत गेले. म्हातारीची चादर बदलली, तिला कुशीवर वळवलं. तिनं सगळं ऐकलं होतं. माझा पदर धरून रडायला लागली. वाईट वाटलं. पदर सोडवला आणि निघाले.

घरी आबानं मारलं. विलायत लाथाडलीस म्हणाला. मारू दिलं. मागं फिरले नाही.

आता आमच्या वस्तीतली पोरं-पोरी अरबांच्या मुलखात कामाला जातात. एजंट येतो, पगाराचं गोड गोड सांगतो. मी मधेच उठते. आजारी पडल्यावर दवाखाना कुठला? खर्च कुणाचा? हात तुटला तर कोण बघणार? एजंट चिडतो. "ए, ह्या बाईला बाहेर काढा रे!" म्हणतो.

मला कुणी बाहेर काढू शकत नाही. वस्ती माझी आहे. तो तोंड उघडून नीट उत्तर देईपर्यंत इथलं एकही माणूस त्याच्या गाडीत चढणार नाही. मी चढू देणार नाही.