एक दिवसाआडचं जेवण

गौरम्मांना आश्रमात येऊन सव्वीस दिवस झाले होते आणि चार दिवसांनी त्यांचा निकाल लागणार होता. आमच्याकडे पद्धतच होती तशी. नव्या माणसाला महिनाभर ठेवून बघायचं, डॉक्टर तपासणार, आणि माणूस हिंडता-फिरता असेल तरच कायम करायचं. अंथरुणाला खिळलेल्यांचं करायला आमच्याकडे नर्स नव्हती. हा नियम मीच केलेला. मी रामकिशन, अहमदपूरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला. एकदा नियम केला की तो पाळून घ्यायचा, ही माझी जुनी खोड.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झालेली. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्याकोऱ्या आणि गावातले नळ कोरडे. औसा रोडला कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात आमचा वृद्धाश्रम. बावीस म्हातारी माणसं, बोअर आटलेली, टँकर त्याच्या लहरीनं येणार. प्यायला पुरेल इतकं पाणी, आणि आंघोळीला माणशी एक बादली, तीही एक दिवसाआड. एका दिवशी एक, तीन, पाच नंबरच्या खाटा; दुसऱ्या दिवशी दोन, चार, सहा. सुरुवातीला बादल्यांवरून इतकी भांडणं झाली की मी पाटीच लावली : आपलं पाणी दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याचं घेऊ नये. तेव्हा कुठे डोक्याला शांतता मिळाली.

गौरम्मा निलंग्याच्या. नवऱ्याचं किराणा दुकान होतं. तो वारून अठरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुतण्या शरणप्पाच्या घरी राहायच्या. आमच्याकडची बहुतेक माणसं कुणीतरी आणून सोडलेली. ह्या बाई मात्र सत्तरीत एकट्या एसटीनं आल्या, ट्रंक स्वतः उचलून.

‘‘मला कुणी काढलं न्हाई. मी आले,’’ एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी शरणप्पा आला तो लालबुंद होऊन. भरल्या घरातली बाई आश्रमात गेली, आता निलंग्यात तोंड कसं दाखवायचं, हे त्याचं दुखणं. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ठरलं असं, की महिना होऊ द्यायचा. सरांनी कायम केलं तर राहतील, नाही केलं तर मुकाट्यानं परत. गौरम्मांनी माझ्याकडे बघून ‘‘हाव’’ म्हटलं.

बाई मला आवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू? गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, तक्रार म्हणून नाही. स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला न सांगता बसायच्या. त्यांना खाट मिळाली साखराबाईशेजारची, कारण तिच्या शेजारी कुणी टिकतच नव्हतं. साखराबाई इस्लापूरकडची, शेतात राबून म्हातारी झालेली आणि तोंडाची भलतीच तिखट. मला एकाला चार सुनवायची.

सव्विसाव्या दिवशी गौरम्मा भिंतीला धरून चालताना दिसल्या. झंपर अंगावर लोंबत होतं. दुपारी पंगतीत मी मुद्दाम मागे उभा राहिलो, आणि बघतो तर गौरम्मांच्या ताटातल्या दोन्ही भाकरी साखराबाईच्या ताटात!

माझं डोकंच फिरलं. ‘‘साखराबाई, दुसऱ्याच्या तोंडचा घास काढता? लाज कशी वाटत नाही? उद्या सामान बांधा तुमचं!’’

साखराबाई उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गौरम्मांकडे बघत राहिली.

गौरम्मा ताटावरून उठल्या. ‘‘सर, तिला बोलू नका. मीच देते. अन्न टाकायला जीव होत न्हाई.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘आज माझी आंघोळीची पाळी न्हाई. आंघोळ न्हाई तर लिंगपूजा न्हाई. पूजा न्हाई तर जेवण न्हाई. नवव्या वर्षी दीक्षा झाली, तवापासून.’’

म्हणजे एक दिवस जेवायचं, एक दिवस पाण्यावर काढायचा. सव्वीस दिवस!

‘‘अहो, हातपाय धुऊन पूजा केली तर देव काय रागावणार आहे?’’

‘‘देव कशाला रागावतोय? माझाच घास उतरत न्हाई.’’

आता साखराबाईला वाचा फुटली. ‘‘दुसऱ्याच दिशी इचारलं मी हिला, का ग जेवत न्हाईस? म्हनलं, माझी पाळी तुझ्या आड येती, माझ्यातली अर्धी बादली तू घे, तुझ्यातली अर्धी मला दे. दोघींना रोज हुईल. तर म्हनती, सरांची पाटी हाय. नियम मोडला तर वापस धाडतील. अन् मला शपथ घातली, कुनाला सांगू नको म्हनून!’’

अर्धी तुझी, अर्धी माझी. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं मी, आणि एवढं सुचलं नाही. सगळ्यांसमोर मी साखराबाईची माफी मागितली. जड गेलं, पण मागितली. त्या रात्री पाटीही उतरवली.

पण उशीर झाला होता. डॉक्टरांनी वजन घेतलं आणि कागदावर लिहिलं : अशक्तपणा फार, कधीही अंथरूण धरतील. तिसाव्या दिवशी सकाळी शरणप्पा हजर. मी काही बोलायच्या आत त्यानं टेबलावरचा कागद वाचला.

‘‘बघा, सर! महिन्यात काय करून ठेवलं तुम्ही! आमच्या घरी काय कमी होतं हिला? चला काकू, ट्रंक घ्या.’’

नियम माझा, कागद माझ्या डॉक्टरांचा. गौरम्मा दाराशी उभ्या होत्या, पदर मुठीत घट्ट धरून. साखराबाई त्यांच्या मागे. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘‘निलंग्याला पाण्याचं कसं आहे, शरणप्पा?’’

‘‘तिथं तरी कुठं हाय? दीड वरीस झालं, आंघोळ एक दिवसाआडच.’’

मी गौरम्मांकडे बघितलं. ह्या भाकरीची गोष्ट मी त्याला अजून सांगितलीच नव्हती.

‘‘मग गौरम्मा तिथं जेवायच्या कधी?’’

‘‘कधी म्हंजे? रोज. आमच्यासंगंच बसत होत्या की.’’

‘‘बसत होते,’’ गौरम्मा म्हणाल्या. ‘‘भाकरी म्हशीला घालत होते.’’

शरणप्पाचा चेहरा उतरला. ‘‘काकू, सांगायचं तरी!’’

‘‘तुला दिसंल म्हनून वाट बघितली, बाबा. दीड वरीस.’’

तो खुर्चीत खाली बसला. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण कोणत्या तोंडानं? त्याला दीड वर्षं दिसलं नाही, मला सव्वीस दिवस. साखराबाईला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं.

मी गौरम्मांचा फॉर्म ओढला आणि ‘कायम’ लिहून सही केली. अंथरूण धरलं तर बघणार कोण, त्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तेवढ्यात साखराबाई पुढे आली आणि न विचारता टेबलावरच्या शाईच्या पॅडवर तिनं अंगठा दाबला.