सत्तरची सरासरी

नव्या गाडीच्या सीटचा वास आला की मला नागपूरचा तो प्रवास आठवतो. नवऱ्याला पुण्यात खराडीला नोकरी लागली, त्याने पहिली गाडी घेतली आणि नागपूरला जाताना पुण्यापासून ताशी सत्तरची सरासरी राखायची झिंग त्याला चढली. मागे बसलेले माझे मधुमेही वडील दोनदा म्हणाले, "जावईबापू, जरा थांबता का?" "आत्ता थांबलो तर ॲव्हरेज पडेल, बाबा. अर्ध्या तासात ढाबा येईलच." ढाबा आला तेव्हा बाबा उतरेनात. त्यांची पँट भिजली होती आणि ते मांडीवर वर्तमानपत्र पसरून खिडकीबाहेर बघत होते. नागपुरात नवरा सगळ्यांना सांगत होता, "साडेदहा तासांत आलो." मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा संताप मला वीस वर्षांनीही होतो.