आक्का मेल्या नाहीत

शेवटचं भेटायला आलेल्या माणसांना स्वतः चहा करून पाजणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, त्या म्हणजे आमच्या आक्का. नात्यानं माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन तळवड्यापुढच्या त्या घरात आले, तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि पिंपरीला पहिले कारखाने उभे राहत होते. आक्कांच्या छातीतली गाठ मुंबईच्या इस्पितळात काढून झाली होती, आणि गावानं त्यांना मनातल्या मनात केव्हाच पोचवून टाकलं होतं. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी दारातच घुटमळले, तर म्हणाल्या, "ये की आत. हाय मी अजून."

त्या कधी आवाज चढवत नसत. आवाज माझा चढायचा, आजही चढतो. घरात त्यांची कपबशी वेगळी ठेवलेली, कोनाड्यात, जणू बाईला महारोग झालाय. कॅन्सर शिवून होत नाही हे डॉक्टरांनी थोरल्या दिरांना नीट समजावलं होतं, दिरांनी घरात येऊन सांगितलंही होतं. पण सासूबाईंना डॉक्टरपेक्षा शेजारीण खरी वाटायची. आक्कांनी वाद घातला नाही. एका सकाळी त्यांनी सासूबाईंना त्याच कपातून चहा दिला आणि अर्धा पिऊन झाल्यावर सांगितलं, "आत्याबाई, कप माझा हाय बरं का." सासूबाईंनी दिवसभर तोंड धुतलं. काही झालं नाही. मग तो कप इतर कपांत जाऊन बसला.

दोनेक वर्षांनी दुसऱ्या बाजूला गाठ आली. पुन्हा मुंबई, पुन्हा कापाकापी, त्यावर विजेचा शेक. परत आल्या तेव्हा छातीची कातडी करपून काळी पडली होती आणि घोटभर पेज गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यातच ताप भरला. झालं, कोणा शहाण्यानं त्यांच्या भावाला, सोपानदादांना, मावळात निरोप धाडला, असाल तसे निघा. आमच्याकडं सवाष्ण गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवतात. सोपानदादा बिचारे निरोप ऐकून थेट दुकानात शिरले, लुगडं घेतलं आणि आमच्या अंगणात पाऊल टाकताच गळा काढला. ताप उतरून आक्का ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या, हरभरे निवडत.

"सोपाना, कुनाला रडतोयस?"

दादा जागच्या जागी थिजले. बगलेतलं गाठोडं पाठीमागं लपवायला लागले, पण लपणार कुठं? आक्कांनी ते मागून घेतलं, उलगडलं, काठ बोटांत धरून बघितला. "पोत बरं हाय," म्हणाल्या, "बाजाराला व्हईल." आणि अंगात त्राण आल्यावर पहिल्याच बाजाराला ते लुगडं नेसून चाकणला गेल्यासुद्धा. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. अपशकुन आहे, असं एकीनं बोलून दाखवलं. आक्का म्हणाल्या, "मेल्यावर नेसलं असतं तर माझं मला दिसलं असतं का?"

पण माझं डोकं खरं उठलं ते भावकीतल्या म्हाताऱ्यांमुळं. त्या आक्कांच्या उशाशी बसून म्हणायच्या, भाग्याची गं तू, भरल्या कपाळानं जाशील. अहो, समोरची बाई पेज गिळायला धडपडतेय, आणि तुम्ही तिला मरणाच्या शुभेच्छा देताय? आक्कांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मागं काही अडणार नाही असाही हिशेब त्यात होता. एकदा आक्का उशीवरूनच म्हणाल्या, "एवढं भाग्याचं असंल तर तुमी व्हा म्होरं. मी येते सवडीनं." त्या म्हाताऱ्यांतल्या आमच्या चुलत सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. घराला तेवढीच शांतता मिळाली.

थोरले दीर मात्र सोन्यासारखे माणूस. इस्पितळाबाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहायचे, पण आक्कांना एकटं सोडलं नाही. ज्यांचं कधी डोकं दुखलं नाही, ते एका पावसाळ्यात तापानं आजारी पडले आणि आठवडाभरात गेले. आक्का रडल्या, अन्न सोडलं, भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. आणि दहावा होतोय न होतोय तोच अंघोळ करताना त्यांच्या बोटाला गळ्याखाली गाठ लागली. नवी गाठ दिसली तर एक दिवस दवडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी माझा हात धरून तिथं लावला. वाटाण्याएवढी होती, घट्ट.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सव्वा महिना विधवेनं उंबरा ओलांडायचा नाही. नंतर बघू. वर विचारलं, "आता तिला जगायचंय तरी कुनासाठी?" चुलत सासूबाई तर याहून पुढं गेल्या. मागल्या दुखण्यातच गेली असती तर सोनं झालं असतं, म्हणाल्या, नवऱ्याचं आयुष्य खाऊन बसली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आक्का भिंतीजवळून उठल्या.

"आत्याबाई, तुमचा ल्योक गेला, तुमी रडा. मी बी जन्मभर रडंन. पर गाठ काय सुतक पाळत न्हाई. कुनासाठी इचारता? माझ्यासाठी जगायचंय. मला आवडतं जगायला."

असं उत्तर त्या घरात कोणी बाईनं दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आक्का बैलगाडीत बसून गावच्या मधोमध निघाल्या. मी बरोबर होते, गाडी माझे मालक हाकत होते. समोरून येणारा एकजण त्यांचं मोकळं कपाळ बघून मागं वळला. आक्कांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चिंचवड स्टेशनात गाडीची वाट बघताना त्यांनी माझ्याकडं भाकरी मागितली. दीर गेल्यापासून त्या पहिल्यांदाच आपण होऊन जेवल्या.

गाठ निघाली, शेक झाला, आणि आक्का पुढं कितीतरी वर्षं जगल्या. सासूबाईंना शेवटी भरवलं त्यांनीच. अगदी थकून, म्हातारपणानं आक्का गेल्या, तेव्हा अंगणात तीच भावकी जमली होती. कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "सुटली बिचारी."

मी मयताजवळून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सुटल्या नाहीत. त्यांना अजून राहायचं होतं."